न मोडलेला दांडा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

"सदर दांडा कोणी व कोठे बनवला हे समजू शकले नाही." हे तुमचं वाक्य आहे. चौकशीच्या अहवालात, सहाव्या पानावर, खाली तुमची लांबलचक सही. समजू शकले नाही? ज्या लेथवर तो दांडा झाला त्या लेथपासून तुम्ही दोन हातांवर उभे होतात. ज्यानं तो केला त्याच्या हातचा चहा प्यायलात. साखर कमी आहे म्हणालात, तर तो उठून शेजारच्या टपरीवरनं साखर घेऊन आला. तो मी. भूपाल मगदूम, टर्नर, उद्यमनगर, कोल्हापूर.

आणि त्याच्याच खालच्या ओळीत तुम्ही सुबराव नाईकवडी या माणसाचं नाव घातलंत. निष्काळजी मेकॅनिक म्हणून. त्याचं लायसन काढून घेतलंत. चाळीस वर्षं झाली, तो कागद तुमच्या कपाटात तसाच आहे.

त्या खोट्यातलं निम्मं तुमचं, निम्मं माझं. तुमचं सांगून झालं. माझं सांगायला जास्त वेळ लागणार आहे.

चौऱ्याऐंशी साल. फेब्रुवारीतली सकाळ होती. मी लेथवर एक बुश काढत होतो. दारात राजदूत फटफटी थांबली आणि सुबरावआण्णा आत आले. उंच माणूस, केस बारीक कापलेले, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी कानस. गडहिंग्लजकडचे. वायुदलात विमानांची इंजिनं उघडण्यात आणि बसवण्यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती. तिथनं सुटून आले ते माळावरच्या फ्लाइंग क्लबात मेकॅनिक झाले.

क्लब म्हणजे फार काही नव्हतं. पत्र्याची शेड, मुरमाची धावपट्टी आणि दोन माणसं बसतील असं एक पिवळं विमान. विमान माझ्यापेक्षा वयानं मोठं. त्याचं चार सिलिंडरचं इंजिन ज्या विलायती कारखान्यात झालं तो कारखानाच बंद पडलेला. एखादा भाग हवा असला तर तुमच्या विमान खात्याच्या कचेरीकडं अर्ज करायचा. दोन वर्षांनी परवाना यायचा, आणि परवान्यावर यायचा तो भाग दुसऱ्याच इंजिनाचा असायचा. तोवर विमान शेडमध्ये, चिमण्या पंखावर. म्हणून आण्णा चार वर्षांपूर्वी उद्यमनगरात नमुना हातात घेऊन दुकानं हिंडत होते, आणि हिंडता हिंडता माझ्या दारात आले. तेव्हापासून त्या इंजिनाचे बुश, रिंगा, पिना, जे लागेल ते मी करत होतो. व्हॉल्व्ह ज्या नळ्यांतनं सरकतात ती गाइडं तर मी ब्राँझची करून दिली होती. मूळची होती त्याच्या दुप्पट टिकली. आण्णांनी मोजून बघितलं आणि म्हणाले, "भूपाल, हे इंजिन ज्यानं काढलं तो गोरा आज असता तर तुझ्या हाताखाली राहिला असता."

क्लबचे कॅप्टन दळवी एकदा पेढे घेऊन आले. "मिस्त्री, निम्मं इंजिन तुमचं झालंय. चला, बसा एकदा." असं म्हणून मला घेऊन गेले आणि पंचगंगेवरनं एक चक्कर मारून आणली. उद्यमनगरात विमानात बसलेला मी एकटा. दोन महिने मी जमिनीवर नव्हतो.

तर त्या सकाळी आण्णा आत आले आणि म्हणाले, "काय रं कपलिंग, हायस का जित्ता?"

कपलिंग हे माझं नाव. म्हणजे ठेवलेलं. माझे वस्ताद होते कल्लाप्पा. त्यांच्या दुकानात चौकटीला एक मोठा खिळा होता. आपण करून दिलेला जॉब मोडून परत आला की तो त्या खिळ्याला टांगायचा, आणि खाली खडूनं करणाऱ्याचं नाव. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की तो भट्टीत जायचा, तोवर येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचं. वस्ताद शिव्या देत नव्हते. फक्त म्हणायचे, "जॉब मोडला म्हंजे मिस्त्री मोडला." विशीत असताना माझं एक पंपाचं कपलिंग पाच महिने त्या खिळ्याला लटकलं होतं. तेव्हापासून गल्ली मला कपलिंग म्हणते. वस्ताद गेले, दुकान मी चालवायला लागलो, नाव काही गेलं नाही. खिळाही मी काढला नाही. काढला असता तर घाबरला म्हणाले असते.

आण्णांनी खिशातनं रुमाल काढला, उलगडला. आत दोन तुकडे.

"तुझा दांडा. मोडला बघ."

बोटाएवढा दांडा. दोन्ही टोकांना दाते आणि मधे बारीक मान, मनगटासारखी. इंजिनाच्या पाठीमागं एक छोटा पंप असतो. तो हवा ओढतो आणि त्यावर वैमानिकापुढची दोन-तीन घड्याळं चालतात. इंजिनाची चाल त्या पंपाला पोचवायची एवढंच त्या दांड्याचं काम. मूळचा विलायती दांडा आदल्या वर्षी मोडला म्हणून मी नमुन्यावरनं दुसरा करून दिला होता. पाच महिन्यांत तोही मोडला. बरोबर मानेत.

"पाचच महिनं?" मी म्हटलं.

"पंप अडकला हुता. आत घाण गेलीती. पंप साफ केला म्या." आण्णा हसले. "बरं झालं मोडला."

"म्हंजे? बरं काय झालं त्यात?"

"आरं बरंच की." आणि ते तसेच हसत उठले, एक तुकडा घेतला आणि चौकटीवरच्या खिळ्याला सुतळीनं अडकवला. "घे. वस्तादाची गादी चालवतोयस न्हवं? लिव नाव खाली."

गंमत होती ती. आण्णा गंमतच करत होते. बाहेर टपरीवर बसलेले दोघं-तिघं हसले, एक ओरडला, "कपलिंगचा दांडा झाला गा!" मीही हसलो. पण कानाच्या पाळ्या तापल्या. चौतीस वर्षांचा होतो, स्वतःचं दुकान होतं.

"आण्णा, ह्यो मोडतोय तो मानेतच मोडतोय. एवढी बारीक मान ठिवायचीच कशाला? जरा भरून करतो."

आण्णांचं हसू गेलं. "न्हाई. जशाच्या तसा कर. मान हाय तेवढीच. केसभर इकडं न्हाई, केसभर तिकडं न्हाई. शानपणा नको."

"बरं."

"बेस्तरवारी येतो."

का, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या गल्लीत ते विचारायची पद्धत नव्हती. गिऱ्हाईकानं नमुना टाकायचा, आपण त्याच्यासारखा दुसरा करायचा. वस्तादांना कुणी नकाशा दाखवला तर ते गुंडाळून परत द्यायचे. "नमुना द्या. कागुद कशाला?" नमुन्यावरनं काय पण करून दाखवतो, ही आमची मिशी. आणि जो विचारतो "हे कशाला असतंय?", त्याला येत नाही म्हणून विचारतोय, असं धरलं जायचं. मी चार वर्षं त्या इंजिनाचे भाग करत होतो, त्यातल्या निम्म्यांचं काम काय ते मला ठाऊक नव्हतं. आकार ठाऊक होता. तेवढ्यावर मी स्वतःला विमानाचा मिस्त्री म्हणवत होतो.

आण्णा गेल्यावर मी कामाला लागलो. मान केसभरही वाढवायची नाही म्हणाले होते. नाही वाढवली. पण पोलाद कुठलं घ्यायचं ते बोलले नव्हते.

असं नाही. ही मी काढलेली पळवाट आहे. "जशाच्या तसा" यात पोलादही येतं, हे उद्यमनगरात झाडू मारणाऱ्यालाही कळतं. मला कळत होतं.

नमुना साध्या मऊ पोलादाचा होता. पहिला दांडा मी तसल्याच सळईतनं काढला होता. या खेपेला कोपऱ्यात गेलो आणि ट्रकच्या ॲक्सलचा एक तुकडा उचलला. दहा टन माल घेऊन घाट चढणाऱ्या गाडीचा ॲक्सल. तसलं पोलाद मोडत नाही, पीळ बसेल पण तुटणार नाही. लेथवर लावलं तेव्हा आवाजच वेगळा आला. टूल दोनदा धार लावून घ्यावं लागलं. निळ्या कुरळ्या चिपा पडत होत्या. मान अगदी नमुन्याएवढी, तीनदा मोजली. तेलात पुसून उजेडात धरला तेव्हा मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो: बघू, आता कोण खिळ्याला टांगतंय.

गुरुवारी आण्णा आले. आधी मापं घेतली, दाते मोजले, मान दोन ठिकाणी मोजली. मग खिशातली कानस काढून टोकाला हलकेच घासली. ते प्रत्येक जॉबला असं करायचे. फार कडक असेल तर कानस घसरते. कानस लागली. ॲक्सलचं पोलाद कडक नसतं, चिवट असतं, त्यामुळं लागणारच होती. ते मला माहीत होतं.

तरी त्यांनी विचारलं. "पोलाद कुठलं रं?"

"हेच की. आदलंच."

"नक्की?"

"आण्णा, चार वर्सं झाली. आता काय गंगेत उभं ऱ्हाऊन सांगू व्हय?"

"तसं न्हाई लेका. सही माझी असती." त्यांनी दांडा रुमालात गुंडाळला. "साहेब वर्षाला येतोय, वही बघतोय, सही करून जातोय. मागच्या खेपंला त्यानं गाइडं बघितली. म्हणाला, ही कुठली? म्या म्हटलं, कोल्हापूरची. तर हसला आणि सही ठोकली. त्याची सही वर हाय, पर खाली माझी हाय. काय झालं तर खालची धरत्यात."

साहेब, हे आण्णांचे शब्द आहेत. हसलेले साहेब तुम्ही.

एप्रिलच्या सतरा तारखेला सकाळी साडेआठला कॅप्टन दळवी एकटेच विमान घेऊन वर गेले. धावपट्टी सोडून झाडांच्या वर जेमतेम आले असतील, इंजिन बंद पडलं. खोकलं नाही, अडखळलं नाही, एकदम बंद. एवढ्या कमी उंचीवर वळायला जागा नव्हती. समोर दगडाची खाण होती. खाणीच्या अलीकडं बांधावर विमान आदळलं. दळवी वाचले. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बेचाळीस वर्षांचे होते.

मला दुपारी टपरीवर कळलं. पहिलं मी मनातल्या मनात माझी गाइडं मोजली. मग रिंगा, मग बुश. दांडा माझ्या डोक्यात आलाच नाही. तो कसा येईल? तो तर मी मोडणारच नाही असा केला होता.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. आण्णा व्हरांड्यात फरशीवर बसले होते, कपड्याला तेल, हाताला माती. मी म्हटलं, "आण्णा, काय झालं हो?" त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "जा घरला." मला वाटलं, दमलेत.

आठ दिवसांनी तुम्ही आलात.

पांढरी सफारी, मागनं एक शिपाई पिशवी घेऊन, आणि त्याच्या मागं सुबरावआण्णा. तुम्ही लेथजवळ उभे राहिलात, चहा घेतलात. साखरेचं ते झालं. मग शिपायानं पिशवीतनं वर्तमानपत्राचं पुडकं काढलं आणि तुम्ही ते माझ्या टेबलावर उलगडलंत.

माझा दांडा. पिळ्यासारखा पिळलेला, मानेवर दोन वेढे पडलेले. पण अखंड.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही सांगितलं नाही. तो दांडा बघितल्याबरोबर, दळवींचा पाय गेलाय हे माहीत असताना, आण्णा समोर उभे असताना, माझ्या मनात पहिलं काय आलं? मोडला नाही. बघा, मोडला नाही. छाती फुगली माझी. घटकाभरच. पण फुगली.

"ही मान दिसतेय?" तुम्ही म्हणालात. बोटानं दाखवलंत.

"व्हय."

"ही मान तुटण्यासाठीच असते. पंप अडकला की मान तुटते, पंप बंद होतो, घड्याळं बंद होतात. बस्स. इंजिन चालू राहतं, माणूस घरी येतो. हा दांडा तुटला नाही. पंप अडकला, दांडा अडकला, त्याच्यामागे गिअरचे दात गेले. इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो त्याच गिअरवर असतो. तो थांबला, ठिणगी थांबली. आलं लक्षात?"

आलं. पायाखालची फरशी गेली म्हणतात ना, तसं नाही झालं. फरशी होती तिथंच होती. मला फक्त आण्णांचं ते हसणं ऐकू आलं, "बरं झालं मोडला". टोमणा नव्हता तो. दोन महिन्यांपूर्वी त्या मऊ दांड्यानं मोडून दळवींना घरी आणलं होतं, आणि मी त्याला माझी बेअब्रू समजलो होतो.

मी आण्णांकडं बघितलं. ते दाराच्या चौकटीकडं बघत होते. खिळ्याला तो तुकडा अजून होता.

टेबलावर, दांड्याच्या शेजारी, क्लबसाठी केलेली ब्राँझची सहा गाइडं ओळीनं उभी होती. तुम्ही ती बघितलीत. एक उचललंत, बोटावर फिरवलंत, परत जागेवर ठेवलंत. मग वर्तमानपत्राचा कागद ओढून त्यांच्यावर घातलात. हे मी बघितलं, साहेब. तुमच्या शिपायानं बघितलं. आणि मग तुम्ही प्रश्न विचारलात. कसा विचारलात ते आठवतंय?

"तुमच्याकडे विमानाचं काम होत नसणारच. नाही का?"

हा प्रश्न होता? गुरं हाकताना फाटक उघडं ठेवतात तसं तुम्ही उत्तराचं फाटक उघडं ठेवलंत. मी "होतं की" म्हणालो असतो तर चार वर्षं तुम्ही कुठल्या भागांवर सह्या केल्यात ते निघालं असतं. गाइडं निघाली असती. तुमचं हसणं निघालं असतं. ते तुम्हाला नको होतं.

मी काय म्हणालो?

"न्हाई साहेब. आमी पंपाची कामं करतो. उसाच्या घाण्याची. इमानाचं आपल्याला काय कळतंय?"

"तेच." तुम्ही आण्णांकडं वळलात. "नाईकवडी, तुम्ही तर म्हणत होतात..."

आण्णा एवढंच म्हणाले, "म्या काय म्हणत न्हाई आता."

"मग हा दांडा आला कुठून?"

"बसवला म्या. सही माझी हाय. लिवा."

तुम्ही लिहिलंत. माझ्या टेबलावर, माझ्याच पेन्सिलीनं, कारण तुमच्या पेनातली शाई संपली होती. जाताना शिपाई मला हळूच म्हणाला, "मिस्त्री, चहा झकास होता." आणि आण्णा राजदूतला किक मारायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. सुरू होईना. इंजिनातला देव माणूस, त्याची स्वतःची गाडी सुरू होईना. मी दारात उभा होतो. पुढं होऊन धक्का द्यायला पाहिजे होता. तेही केलं नाही.

जुलैत त्यांचं लायसन गेलं. क्लब बंद पडला. मी खिळा उपटला आणि चौकटीचं भोक लांबी लावून बुजवलं.

दिवाळी होऊन गेल्यावर एक पोस्टकार्ड आलं. "एकदा येऊन जा. सुबराव." बाकी कोरं.

गडहिंग्लजच्या पुढं त्यांचं गाव. एस.टी.तनं उतरलो तेव्हा दहा वाजले असतील. वाटभर मी ठरवत होतो, शिव्या दिल्या तर खाली मान घालून ऐकायचं, मारलं तर मार खायचा. विचारत गेलो. गावच्या पिठाच्या गिरणीत होते. गिरणीचं डिझेल इंजिन उघडून बसले होते, भुवयांवर पीठ, हातात काजळी.

"आलास? बस. जेवलास का?"

"जेवून निघालोय."

"खोटं बोलू नको. सकाळच्या गाडीला कोण जेवून निघतंय?" घरातनं भाकरी, झुणका आणि ठेचा मागवला. मी खात होतो तोवर ते हात धुऊन आले, समोर पोत्यावर बसले.

"दळवीसाहेबांस्नी लाकडी पाय बशिवला."

"ऐकलं."

"मी गेलतो भेटाय. दोनदा. तोंड भिंतीकडं केलं त्यांनी. बाई भाईर येऊन म्हणाल्या, नका येऊ." त्यांनी शर्टाला हात पुसले. "लायसन गेलं तर गेलं, भूपाल. पोट चालतंय. गिरणी हाय, इंजनं हाईत. पर त्यो माणूस चार वर्सं माझ्या सहीवर हवेत जाईत हुता. त्येला आज वाटतंय, सुबऱ्यानं बाजारातनं कायतरी उचललं आन इंजनात कोंबलं. ते मला सोसंना."

मी हातातला घास ताटात ठेवला. "आण्णा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"त्या दिवशी साहेबापुढं..."

"साहेबापुढचं सोड. त्या मुडद्यानं तुझ्या तोंडात घास घातला, तू गिळलास. कुणी बी गिळला असता. मी त्याबद्दल बलिवलं न्हाई." ते पुढं झुकले. "मी इमानाच्या सांगाड्याजवळ पोचलो त्या सकाळी पैल्यांदा दांडा काढला. पिळलाय, तुटला न्हाई. शेडमधल्या ग्राइंडरला टोक लावलं, इवलंसं. ठिणग्या बघितल्या. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब सरळ जात्यात, ॲक्सलच्या तुटून तांबड्या पडत्यात. पंधरा वर्सं ठिणग्या वळखण्यात गेली माझी. साहेब यायच्या आधी आठ दिस मला ठावं हुतं."

दवाखान्याचा व्हरांडा. "जा घरला." तेव्हाच ठाऊक होतं त्यांना.

"मग साहेबाला का न्हाई सांगितलं तुमी?"

"काय सांगू? त्यानं पोलाद बदाललं म्हणून? तू म्हणणार न्हाई, मी म्हणणार व्हय. माझ्याजवळ काय हाय? मी तुझ्याकडं आणला त्याला. वाटलं, दांडा बघितला की ह्यो आपणच बोलंल. तू दांड्याकडं बघून हसलास."

मी हसलो होतो? छाती फुगली ती मला माहीत होती. तोंडावर आली होती ते माहीत नव्हतं.

त्यांनी पोत्यामागनं एक कागद काढला. दोरीनं बांधलेली पुठ्ठ्याची फाइल, वर पीठ. गडहिंग्लजच्या एका वकिलानं अपील लिहून दिलं होतं. त्याला जोडायचा एक वेगळा कागद होता, टाइप केलेला. तीन ओळी. दांडा मी बनवला. पोलाद मी माझ्या मनानं बदललं. सुबराव नाईकवडी यांनी विचारलं असता मी त्यांना खोटं सांगितलं. खाली माझ्या नावापुढं मोकळी जागा.

"मुदत सोमवारपतोर हाय."

मी कागद दोनदा वाचला. तीनच ओळी होत्या, पण वाचायला वेळ लावला.

"आण्णा, माझ्यावर केस हुईल."

"हुईल की न्हाई ठावं न्हाई. हुईल बी."

"दुकान जाईल. उद्यमनगरात मला कोण जॉब देणार न्हाई. माझ्या दांड्यानं माणसाचा पाय गेला म्हणून लिहून द्यायचं म्हंजे... नाव जाईल हो माझं."

हे मी बोललो. त्यांच्यापुढं बोललो, त्यांच्या घरची भाकरी मांडीवर घेऊन.

आण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, बाजूला ठेवलं. बाहेर एक बाई जोंधळ्याची पाटी घेऊन आली होती, तिला म्हणाले, "थांब जरा आक्का, इंजन उघडलंय." मग खिशातनं पेन काढलं, टोपण काढलं आणि कागदावर आडवं ठेवलं.

"मी तुला चार वर्सं माप दिलं, तू मापात काम दिलंस. तुझ्या हातावर माझा अजून इस्वास हाय. म्हणून इचारतो, दुसऱ्या कुणाला इचारणार न्हाई. ह्या तीन वळीत एक तरी अक्षर खोटं आसंल तर दाखीव, मी कागुद फाडतो. न्हाई दावता येत?"

मी पेनाकडं बघत होतो.

"मग सांग. खाली बघू नको, माझ्या तोंडाकडं बघून सांग, भूपाल. नाव तुला एकट्यालाच हाय व्हय?"